हरी मास्तरांचं उत्तर

आमच्या कळंबच्या हरी मास्तरांना कंसाशिवाय काहीही चालत नाही. गावच्या ग्रुपवर वायरमनने टाकलं, "उद्या सकाळी आणि दुपारी चारपर्यंत लाईट नाय." मास्तरांनी लगेच खाली विचारलं, "कंस कुठाय? चारपर्यंत म्हंजे नुसती दुपार, का सकाळ धरून?" वायरमन ग्रुप सोडून गेला. तेव्हापासून लाईट जाते, पण सांगून जात नाही.

निवृत्त झाल्यापासून मास्तर गणिताच्या एका ऑनलाइन फोरमवर पोरांच्या शंका सोडवतात. तिथं समीकरण डॉलरच्या दोन खुणांमध्ये टाईप करावं लागतं. साधा अपूर्णांक लिहायचा तरी आधी उलटी तिरकी रेघ, मग चार इंग्रजी अक्षरं, मग महिरपी कंसांच्या दोन जोड्या. मास्तर एका बोटाने टाईप करतात. वर्गमुळाला एक कप चहा, इंटिग्रेशनला दोन, हे ठरलेलं. शेजारी म्हणून तो मलाही प्यावा लागतो, आणि माझं पित्त खवळतं. कुणी वहीचा आडवा फोटो टाकला, की "मान मोडली रं माझी" म्हणत ते सगळं नव्याने टाईप करून देतात, वर उपदेश फुकट. तोवर विचारणारा परीक्षा देऊन आलेला असतो.

त्यांचा मुलगा नितीन बंगळूरला असतो. त्याने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा मास्तर "माझ्या दारात पाय ठेवू नको" म्हणून बसले. तीन वर्षं झाली, दोघांचा एकमेकांना फोन नाही. कंसाला एवढा जपणारा माणूस पोराला बाहेर ठेवतो, याचा मला रागच यायचा.

परवा मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचं ताजं उत्तर वाचत होतो. दुसऱ्याच ओळीत अधिकच्या जागी उणे.

"मास्तर, चिन्ह चुकलंय."

"ठाव हाय."

"मग सुधारा की."

"ऱ्हाऊ दे." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "बरोबर लिवलं की नितीन कायच बोलत नाय. चुकलं की खाली लिवतो, चिन्ह बघा, बाबा."

तेवढ्यात मास्तरांचा फोन टिंग करून वाजला. उत्तराखाली कुणीतरी लिहिलं होतं. मास्तर घाईघाईने चष्मा चढवून वाकले. नाव दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. चूक मात्र त्याने अचूक दाखवली होती.

मास्तरांनी एका बोटाने त्याचे आभार मानले, चिन्ह सुधारलं आणि पुढचा प्रश्न उघडला.

"ह्याच्यात जरा अवघड चूक करतो," ते म्हणाले. "नितीनलाच सापडंल अशी."