चौकातली हजेरी

रोज संध्याकाळी सहाला आमच्या काष्टीच्या चौकात साळवे बाई शाळेचा कॅटलॉग उघडतात आणि पानटपरीला टेकलेल्या पोरांची हजेरी घेतात. बाई निवृत्त झाल्याचं शाळेला कळलंय, बाईंना नाही. दाढी फुटलेले बाप्येसुद्धा तोंडातला मावा थुंकून "हजर बाई!" म्हणतात. एकदा एसटीचा कंडक्टर चुकून "हजर" म्हणाला, तर त्याचंही नाव चढलं.

गैरहजर पोराच्या घरी बाई सातच्या आत पोचतात. समोरच माझं टेलरिंगचं दुकान. बाईंना सगळ्यांत जास्त मीच हसायचो.

गेल्या महिन्यात त्या माझ्याच दारात उभ्या राहिल्या. "तुमचा सागर आज गैरहजर."

भानुदासनानांच्या विहिरीवरची मोटारीची केबल दोस्तांबरोबर आपणच कापली, तांब्यासाठी, हे सागरनं दुपारीच मला रडत सांगितलं होतं. माझं पंधरा वर्षांचं पोर. पोलिसात नाव गेलं तर? मी म्हणालो, "तो मामाकडं गेलाय, कर्जतला."

"मामा तुमच्या माळ्यावर राहतो का? पाय दिसतायत."

सागर खाली उतरला. केबलचं पोतं घेऊन आम्ही तिघं नानांच्या वस्तीवर गेलो. निघताना मी दोनदा चप्पल चुकीच्या पायात घातली.

"लई झालं ह्या पोरांचं. तक्रार देनार म्हंजी देनार!" नाना कडाडले.

"द्या," बाई म्हणाल्या. "पण आधी महिनाभर हा रोज तुमच्याकडं येईल, पिकाला पाणी देईल. हजेरी तुम्ही घ्यायची."

"अन् न्हाई आला तर?"

"तर तक्रारीत त्याच्यासोबत माझंही नाव घाला."

नानांनी केबलचं पोतं आत ओढलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी धाड."

सागर रोज जातोय. तरी तो परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

त्या दिवशी परतताना मी विचारलं, "बाई, पाय दिसले नसते, तर माझं खोटं खपलं असतं का?"

"मीही तेच बोलायचे, टेलरभाऊ. धाकट्या भावाला दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी असायची. कुणी विचारलं, की लाजेनं सांगायचे, गावाला गेलाय. त्यानं एकदा ऐकलं." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पुढच्या सोमवारी तो खरंच घर सोडून गेला. आई मरेपर्यंत मला विचारत होती, कुठल्या गावाला गं?"