भोईरसाहेबांनी बनवलेला नकली ऊद

भोईरसाहेबांच्या चुलतभावाच्या लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावत होते. साहेबांनी हात मागे घेतला, खिशातून टिपकागदाची पट्टी काढली आणि म्हणाले, "ह्यावर लावा." दोन दिवसांनी त्यांनी नवरीच्या वडिलांना फोन करून कळवलं, की तुमच्या अत्तरात गुलाब अजिबात न्हाय. ते सोयरे आजही त्यांच्याशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत, याचं भोईरसाहेबांना मनापासून नवल वाटतं.

राहनाळला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. मी नमुने घेते आणि नोंदी ठेवते, साहेब तपासतात. आमच्याकडे जास्त करून अगर येतं, म्हणजे बाजारात ज्याला ऊद म्हणतात ते राळ धरलेलं सुगंधी लाकूड. खरं अगर महाग, त्यामुळे नकली उदंड. साध्या लाकडाला काळा रंग द्यायचा, तेलात मुरवायचं, की झालं. साहेब लाकडाचा चिमूटभर भुगा द्रावकात भिजवतात आणि तो अर्क यंत्रात सोडतात. यंत्र त्यातला एकेक पदार्थ वेगळा करून कागदावर आलेख काढतं. खऱ्या अगराच्या राळेत काही पदार्थ असे असतात, की ते नसले तर ते अगरच नव्हे.

व्यापारी लाकूड नाकाशी धरून शपथा घेतात. साहेब शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "कागद येऊ दे." त्यांचं सगळ्यालाच हे उत्तर. डब्यातली आमटी कशी झालीय विचारलं तरी कागद येऊ दे. ते कशेळीला एकटेच राहतात. भावांनी जमिनी गोदामांना देऊन बंगले बांधले. ह्यांनी आपल्या तुकड्यातल्या मातीचे सात नमुने तपासले आणि तो तसाच पडून राहू दिला.

मागच्या वर्षी निजामपुऱ्यातले करीमचाचा आले. सगळं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेला माणूस. रुमालात अंगठ्याएवढा उदाचा तुकडा होता. आखातात मजुरी करणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाने एकदा सुट्टीवर येताना आणलेला. भाऊ पुढे तिकडेच वारला. घरी दर ईदला त्या तुकड्याचा चिमूटभर कीस जाळायचे. तपासून द्या, एवढंच चाचा म्हणाले.

आलेखात अगराचा मागमूस नव्हता. एरवी साहेब कागद माझ्याकडे टाकतात आणि मी फोन करते. हा कागद चार दिवस त्यांच्या खणात राहिला. मग म्हणाले, "ताई, हे आपण जाऊन सांगू." असं ते पूर्वी कधीच म्हणाले नव्हते.

चाचांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट. साहेब कागद पुढे करून म्हणाले, "चाचा, ये ऊद नहीं है." चाचांना ऐकू गेलं नाही. साहेबांना ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

"मालूम है, साहब," चाचा म्हणाले. "मज़दूर आदमी, असली कहाँ से लाता?"

त्यांना वेगळंच हवं होतं. तुकडा संपत आला होता. त्यात काय काय आहे ते कळलं, तर कुणाकडून तरी तसाच वास पुन्हा बनवून घेता येईल, एवढ्यासाठी ते आले होते. साहेबांनी कागद परत घेतला आणि तिथेच बसून पहिल्यापासून वाचायला लागले.

त्यानंतरचे कितीतरी रविवार ते प्रयोगशाळेत येत होते. उभी नोकरी नकली ऊद पकडण्यात घालवलेला माणूस नकली ऊद बनवत होता. नागरमोथ्याचं तेल, देवदाराचं तेल, एक कृत्रिम चंदन, सगळं आलेखाबरहुकूम. चार वेळा आम्ही निजामपुऱ्याला गेलो. चाचा धूर घ्यायचे आणि अदबीने म्हणायचे, "अच्छा है. मगर वो नहीं."

साहेबांची झोप उडाली. मग त्यांना जुन्या आलेखावर एक बारीक उंचवटा दिसला. बाहेरची घाण म्हणून त्यांनीच तो सोडून दिला होता. तो डांबरगोळीचा होता. त्यांनी चाचांना फोन केला. होय, भावाच्या पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांमध्ये डांबरगोळ्या असायच्या, आणि हा तुकडा त्याच कपड्यांत गुंडाळून आला होता.

पाचव्या खेपेचा ऊद साहेबांनी आठ दिवस डांबरगोळ्यांबरोबर डब्यात बंद ठेवला. चाचांनी तो निखाऱ्यावर टाकला. धूर वर आला तसे ते उठले आणि त्यांनी दार लावलं, खिडकी लावली. लूमचा आवाज खाली गेला.

"आ गया," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

परतताना मला ठाण्याची बस हवी होती, म्हणून साहेबांनी स्कूटरवर कशेळीपर्यंत आणलं. पुढे कंटेनरची रांग लागली होती. इंजिन बंद करून ते म्हणाले, "आई गेली तवा तिची पेटी मीच रिकामी केली. फिनेलनं पुसली, दोन दिस उन्हात ठेवली. पेटी चांगली हाय अजून."

तिच्या पेटीला कसला वास यायचा, मी विचारलं.



"आठवत न्हाय, ताई," ते म्हणाले.