जेवून काढलेला रस्ता

चतुराबाईंनी फोन केले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पोटचा पोरगा अमरावतीहून अकोल्यापर्यंत धावत जाणार आणि आईनं हातावर हात ठेवून घरी बसायचं, हे त्यांना जमण्यातलं नव्हतं.

धम्मदीप अमरावतीला लेकरांच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स होता. जन्मतः कावीळ झालेल्या बाळांना निळ्या उजेडाच्या पेटीत निजवतात. तशी पेटी त्या दवाखान्यात एकच होती. दोन बाळं एका वेळी आली की एकाच्या आईला दुसऱ्याच्या आईकडे बघत बसावं लागे. धम्मदीपला लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड होतंच. त्यानं जाहीर केलं की नव्या पेटीसाठी आपण अकोल्यापर्यंत धावू. अकोल्याचे दालमिलवाले वामनराव पेटी द्यायला तयार झाले, पण माणूस तिरका. "पळतो म्हणणारे लय पायले," ते म्हणाले. "दिवे लागायच्या आत माह्या मिलच्या फाटकात पायानं ये अन पेटी घेऊन जाय. गाडीत बसला तं विसर."

आता चतुराबाईंची सरकारी दवाखान्यातली सिस्टर म्हणून उभी नोकरी याच रस्त्यावरच्या गावांत गेलेली. बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंतची निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती त्यांच्या हातात. कोणाच्या घरी कंदिलाच्या उजेडात बाळंतपण झालं, कोणी पोरगी झाली म्हणून तोंड पाडलं आणि नंतर तिलाच खांद्यावरून मिरवलं, सगळं त्यांना काल घडल्यासारखं आठवे. आदल्या दिवशी त्यांनी गावोगावी फोन लावले. "आमचं पोट्टं पळत येऊन रायलं. जरासं लक्ष ठेवजा," एवढंच सांगितलं.

वऱ्हाडात पाहुण्यावर नुसतं लक्ष ठेवता येत नाही. बडनेऱ्यात उजाडायच्या आत धम्मदीपच्या हातात शिऱ्याची बशी आली. पुढे लोणी गावात पोहे आणि वर तर्री. कुरूमला माणिकबाईंनी तर त्याला थेट पाटावर बसवलं. रोडगे, वरण, वांग्याची भाजी आणि ताटाबाहेर ओघळेल एवढं तूप. सिस्टरबाईचा पोरगा दारावरून उपाशी गेला असता तर माणिकबाईंना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

थोड्या वेळानं सागरचा फोन आला. हा दवाखान्यातलाच, मोटारसायकलवर पाणी आणि केळी घेऊन धम्मदीपच्या मागे होता.

"काकू, दादा झोपला."

"कुठी?"

"लिंबाखाली. पाच मिंटं पडतो म्हणला. आता घोरून रायला."

चतुराबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पुढे मूर्तिजापूरला रागिणी होती आणि तिची पुरणपोळी सकाळपासून तव्यावर होती. त्यांनी सागरला सांगितलं, पोराच्या तोंडावर पाणी मार आणि उठव. मग रागिणीला फोन लावून विनवलं की बाई, त्याला जाऊ दे.

"काहून?" रागिणी म्हणाली. "माणिकबाईचं गोड लागलं अन आमचं कडू?"

ही भानगड फोनवर मिटणार नव्हती. चतुराबाईंनी पंजाबरावांना हाक मारली. एके काळी ते सरकारी दवाखान्याची जीप हाकत. आता स्वतःची हाकत होते. दोघं मूर्तिजापूरला पोचले, तेव्हा रागिणीनं रस्त्यावरच रांगोळी घातली होती आणि निम्मी गल्ली पाहुणा अडवायला उभी होती.

चतुराबाई समजवायला म्हणून दारात गेल्या, आणि गल्लीनं धावणाऱ्याचा नाद सोडला. खुद्द सिस्टरबाई आल्या होत्या. कोणी पाय धुवायला पाणी आणलं, कोणी कॉलेजात जाणारी पोरगी पुढे केली, "हे पाहा, तुमच्याच हातची." पाट मांडला गेला. चतुराबाईंनी पहिली पोळी मोडली आणि खिडकीतून त्यांना दिसलं, धम्मदीप मोकळ्या रस्त्यानं धावत गेला. त्याच्याकडे बघायला रस्त्यावर कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं.

चतुराबाई क्षणभर घास हातात धरून थांबल्या. मग म्हणाल्या, "रागिणी, अजून एक वाढ."

त्यानंतर त्यांनी हाच मार्ग धरला. पोराच्या पुढे जायचं, दारात उतरायचं, पाटावर बसायचं आणि तो गाव ओलांडेपर्यंत उठायचं नाही. मूर्तिजापूरच्या वेशीपाशी एकीनं भजी तळली होती, ती त्यांनी संपवली. पुढच्या फाट्यावर झुणका-भाकर. तिथे धम्मदीपचा पाय आखडला, तो लंगडत येत होता, म्हणून त्यांना वर भातही दोनदा घ्यावा लागला. पंजाबराव बाजूला बसून सुपारी कातरत होते.

"दोन घास तुमी घ्या ना, भाऊ," चतुराबाई काकुळतीनं म्हणाल्या.

"मले शुगर आहे," पंजाबराव म्हणाले. "अन पोरगं तुमचं आहे."

बोरगाव मंजूला गोवर्धननं कमाल केली होती. हा पायाळू जन्मलेला. त्याच्या वेळी चतुराबाईंना अख्खी रात्र उभं राहावं लागलं होतं. त्यानं रस्त्यात मांडव घातला होता आणि बँड बोलावला होता. त्या मांडवात धम्मदीप सापडता तर सत्कार, भाषणं आणि जेवण उरकेपर्यंत चांदण्या निघाल्या असत्या. उन्हं कलली होती. चतुराबाई जीपमधून उतरल्या, म्हणण्यापेक्षा पंजाबरावांनी त्यांना उतरवलं. त्या जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या.

"गोवर्धन, सत्कार माहा कर," त्या म्हणाल्या. "अन काय रांधलं ते आण."

बँड त्यांच्याभोवती वाजू लागला. आलूवांग्याची भाजी, पुऱ्या आणि वाटीभर बासुंदी समोर आली. त्या पोरानं पायाळू येऊन जेवढा घाम काढला नव्हता, तेवढा त्याच्या बासुंदीनं काढला. मांडवामागच्या शेताच्या धुऱ्यावरून धम्मदीप आणि सागर निघून गेले, तेव्हा कुठे त्यांनी वाटी खाली ठेवली.

वामनरावांच्या फाटकाशी त्या पोचल्या आणि जीपमध्येच बसून राहिल्या. मिलच्या पत्र्यांमागे सूर्य टेकला होता. वामनराव दिव्याच्या बटनाजवळ उभे होते. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला धुळीनं माखलेला धम्मदीप दिसला. तो धावत नव्हता, चालतही नव्हता, त्या दोहोंच्या मधलं काहीतरी करत होता. तो फाटकातून आत आला. वामनरावांनी त्याच्याकडे पाहिलं, पश्चिमेकडे पाहिलं, आणि मगच बटन दाबलं.

"पेटी उद्याच निघते," ते म्हणाले. "अन आता चाला आत. मंडळीनं सकाळपासून सैपाक करून ठेवला आहे. माय, तुमी पहिले."

चतुराबाईंनी जीपचा दांडा घट्ट धरला.

धम्मदीप जीपपाशी आला आणि तिथेच जमिनीवर बसला. "आई, काही खायले आहे का? कुरूमपासून नुसत्या केळ्यांवर आलो. पुढं एकानंही इचारलं नाही, बापा, पाणी पेतं का म्हणून. तू तं समद्याले फोन केले होते ना?"

पंजाबराव खोकले आणि दुसरीकडे पाहू लागले. चतुराबाईंनी पोराच्या धुळकट केसांवरून हात फिरवला.

"पुढच्या साली मी पळीन," त्या म्हणाल्या. "तू जेवजो."