पाचवा तांबट

"आपलं जंगल बघून खरा पक्षी फसला नाही, तर मिशा उतरवून देईन!" पेंढामास्तर बायकोला दिवसातून दोनदा हे ऐकवत. मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून त्यांना जिवंतपणा आणायचा, हे त्यांचं संग्रहालयातलं काम. आज अकराला संचालकबाई तांबट पक्ष्यांचं नवं दालन, म्हणजे मास्तरांचं नकली जंगल, बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेरीला नारळ.

म्हणून मास्तरांनी उंबराच्या फांदीला मेणाची नव्हे, चांगली पिकलेली खरी उंबरं टाचली. वास कोंदायला लागला, तशी खिडकी उघडली आणि ते चहाला गेले.

परत येऊन पाहतात तर फांदीवर पाच तांबट. हिरवं अंग, तांबडं कपाळ, पिवळा गळा आणि सगळे ढिम्म. नोंदवहीत तर चारच होते. आपण चार भरले की पाच, ते मास्तरांना काही केल्या आठवेना. शेवटी हाताशी आला तो एक उचलून त्यांनी खिशात कोंबला.

तेवढ्यात नोंदवही सांभाळणारी बायको आली. तिने मोजले तर तीनच भरले.

"अहो, चौथा कुठाय?"

खोडामागे काहीतरी खुडखुडलं, पण उंदराकडे बघायला वेळ कुणाला होता! मास्तरांनी खिशातला घाईघाईने परत बसवला आणि पुन्हा मोजले. पाच! बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. जिन्यावर पावलं वाजली, तसा मास्तरांनी तोच तांबट पुन्हा खिशात घातला.

संचालकबाईंना तीन तांबट एकदम पसंत पडले. चौथ्यापाशी मात्र त्या थबकल्या.

"हा जमलेला नाही. मान वाकडी, पिसं विस्कटलेली. तांबट असा बसतो का कधी? काढा तो."

मास्तरांनी हात पुढे केला, तसं त्या न जमलेल्या तांबटाने एक उंबर तोडलं आणि तो भुर्रकन खिडकीबाहेर गेला.

बायकोने नोंदवहीत डोकं खुपसलं. मास्तरांनी मुकाट्याने खिशातला तांबट काढून रिकाम्या जागी बसवला. बाई दोन पावलं मागे सरकून बघत राहिल्या.

"आता कसं! हा अगदी जिवंत वाटतो. उद्यापासून तुम्ही कायम."

"मिशा वाचल्या," बायको पुटपुटली. मास्तरांनी आधी जाऊन खिडकी लावून घेतली. त्यांचा आता कुठल्याच तांबटावर भरवसा राहिला नव्हता.