खणता न येणारी कुदळ

एका जंगलात, मुलांनो, पैसा अजून पोचला नव्हता. त्यामुळे तिथले प्राणी अगदी मागासलेले होते. भूक लागली की जेवत आणि झोप आली की झोपत.

तिथे भिवराबाई नावाची साळिंदरीण होती. ती ओतारीण. तांबं आणि कथील वितळवून कासं करायचं, ते दगडी साच्यात ओतायचं आणि कुदळी घडवायच्या, हे तिचं काम. जमीन मुरमाड होती. नखांनी नुसती धूळ उडे. कुदळीनं मात्र कंद निघत, झरे मोकळे होत. म्हणून एका कुदळीसाठी कोणीही टोपलीभर मोहाची फुलं आनंदानं देई.

हे प्रधान मुंगूसपंतांनी पाहिलं. ते गवा महाराजांना म्हणाले, "सरकार, सगळ्यांना कुदळ हवी असते. मग बोटभर कुदळी ओतू या. त्या देऊन काहीही विकत घेता येईल."

भिवराबाईला बोलावणं गेलं. नमुना पाहून ती म्हणाली, "प्रधानजी, हिला धार नाही, दांडा नाही. हिनं खणायचं कसं?"

"खणायचंच नाही, बाई. खणलं की ती झिजते. झिजली की किंमत उतरते."

"मग हिची किंमत कशाची?"

"महाराजांनी सांगितली म्हणून!"

महाराजांना हे फार पटलं.

एक खरी कुदळ वितळवली की वीस चिमुकल्या कुदळी होत. प्राणी धावतच आले. अस्वलानं कुदळ दिली, रानडुकरांनी दिली, सशिणीनंही दिली. महिन्याभरात सगळं जंगल श्रीमंत झालं. ओवलेल्या कुदळींच्या माळा गळ्यात घालून सगळे छमछम करत हिंडू लागले. काम कमी झालं, आवाज वाढला. याला प्रगती म्हणतात, मुलांनो.

मग उन्हाळ्यात दरड कोसळली आणि जंगलात पाणी उरलेला एकमेव झरा बुजला.

महाराजांनी दवंडी पिटली. झरा मोकळा करणाऱ्याला हजार कुदळी! उत्साह दांडगा होता, पण खणायला कोणाकडे काही नव्हतं. अस्वलाची नखं रक्ताळली. चौथ्या दिवशी सशिणीची दोन पिल्लं तहानेनं गेली. तिच्या गळ्यात तेव्हा चाळीस कुदळी होत्या.

भिवराबाई दरबारात गेली. "सरकार, खजिन्यातलं थोडं कासं द्या. संध्याकाळपर्यंत खरी कुदळ ओतून देते."

"खजिना वितळवायचा?" मुंगूसपंत किंचाळले. "जंगल भिकेला लागेल!"

भिवराबाई घरी आली. या चिमुकल्या कुदळी आपल्याच हातांनी ओतल्या, याची तिला शरम वाटली. मजुरीत मिळालेल्या सगळ्या कुदळी तिनं मुशीत टाकल्या, जुना साचा काढला आणि एक खरी कुदळ ओतली. दांडा बसवून ती दरडीवर गेली. दीड दिवस खणत राहिली. पाणी आलं.

सगळे प्याले. पहिले महाराज प्याले, दुसरे मुंगूसपंत.

तोंड पुसून मुंगूसपंतांनी विचारलं, "बाई, या कुदळीसाठी कासं कुठून आणलंत?"

"माझ्याच मजुरीचं."

"म्हणजे राजाचं चलन वितळवलंत!"

खटला तिथेच, काठावर चालला. अस्वलानं तिच्याविरुद्ध साक्ष दिली. सशीण मान खाली घालून पाणी पीत राहिली. भिवराबाईला हद्दपारीची शिक्षा झाली.

"माझी कुदळ तरी द्या," ती म्हणाली.

"तो पुरावा आहे."

ती रिकाम्या हातांनी डोंगर उतरून गेली. कुदळ वितळवून तिची पुन्हा नाणी करायचं ठरलं. पण ओतकाम कोणालाच येत नव्हतं. म्हणून ती दरबारात टांगली आणि खाली पाटी लावली : हात लावू नये.

तात्पर्य : मुलांनो, तहानेनं मरणाऱ्याला पाणी जरूर पाजावं, पण रीतसर अर्ज करून. तोवर तो मेला, तर निदान कायदा तरी जगतो.