उघडली का मेल?

भोयर काका एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि अमेरिकेतली चौदा कॉलेजं त्यांच्या मागे लागली आहेत. ‘प्रिय मधुकर, तुझं भवितव्य इथे आहे’ अशी एखादी मेल त्यांना जवळजवळ रोज येते. एका कॉलेजने त्यांना वसतिगृहातल्या खोल्यांचे फोटो पाठवले, दुसऱ्याने नवागतांच्या नाचाचं आमंत्रण. बारावीचा विद्यार्थी म्हणून नाव त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. काका प्रत्येक मेल उघडतात, आतल्या प्रत्येक लिंकवर जातात आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. कशासाठी, असं विचारलं तर म्हणतात, “टेस्टिंग आहे बाप्पा.”

मुलाने कॉलेजमध्ये रस दाखवला, म्हणजे त्यांच्या मेल उघडल्या, कॅम्पस पाहून आला, प्रश्न विचारले, तर प्रवेश मिळण्याची शक्यता वाढते का, हा अमेरिकेतल्या पालकांचा जुना वाद आहे. काकांच्या लेखी तो कधीच निकालात निघालेला आहे. “इंटरेस्ट असून उपयोग नाही. दिसला पाहिजे.”

अमेरिकेच्या पूर्वेला, मॉरिसव्हिलमध्ये आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. मूळचे नागपूरचे, इथल्या हायवे खात्यात तीस वर्षं इंजिनियर. काम वाहनं मोजण्याचं. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकायची; चाक तिच्यावरून गेलं की आकडा वाढतो. “मोजल्याशिवाय रस्ता रुंद होत नाही,” हे त्यांचं दुसरं वाक्य. अजूनही ते खात्याचं नारिंगी, चमकणारं जाकीट घालून फिरायला निघतात आणि बारावीतलं पोर दिसलं की रस्त्यात अडवतात.

“उघडली का मेल?”

“काका, मी स्पॅममध्ये टाकली.”

“काहून? ते मोजून राहिले तिकडे!”

गेल्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत त्यांची पुण्याच्या एका गृहस्थांशी जुंपली. गृहस्थ म्हणाले, “काका, गुणवत्ता असली की कॉलेज शोधत येतं. आपण मागे लागायचं नसतं.”

“स्थळ पाहायले न जाता तुमचं लग्न जमलं काय?”

“आमचा प्रेमविवाह आहे.”

“मग तर जास्तच चकरा मारल्या असतील!”

रांग हसली. गृहस्थांच्या पत्नीने मान डोलावली.

वस्तुस्थिती अशी की दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. बहुतेक मोठी सरकारी विद्यापीठं हे मोजत नाहीत. अनेक लहान खासगी कॉलेजं मोजतात. प्रवेशाचे निकष सांगणारा एक तक्ता बरीच कॉलेजं दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यात ‘अर्जदाराचा रस’ अशी एक ओळ असते आणि पुढे खूण: महत्त्वाचा, विचारात घेतो, घेत नाही. काकांना कॉलनीतल्या मुलांनी निवडलेल्या सगळ्या कॉलेजांच्या खुणा पाठ आहेत.

मेल उघडल्याचं कॉलेजला कळतं कसं, हे त्यांनी माझ्या मुलीकडून, तन्वीकडून समजून घेतलं. तिने त्यांच्या लॅपटॉपवर तशीच एक फुकटची सोय बसवून दिली. आपण पाठवलेली मेल कोणी, कधी, कितीदा उघडली ते तिच्यात दिसतं. पुढचा महिनाभर कॉलनीला चैन नव्हतं. काकांनी पाठवलेल्या गणपती मंडळाच्या साध्या सूचनेवरही त्यांचा फोन यायचा, “दोनदा उघडली तुम्ही. उत्तर काहून नाही?”

तन्वीला डोंगरातलं एक लहान कॉलेज हवं होतं. गाडीने चार तासांवर. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारची टूर आम्ही बुक केली होती, पण त्याच शनिवारी माझ्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. मी काकांना सहज सांगितलं, “कॅन्सल करतो. व्हर्च्युअल टूर आहे, आणि तिचे मार्क चांगले आहेत. मार्क बोलतात.”

काका नेहमीसारखे ओरडले नाहीत. “मार्कं नाही बोलत,” ते हळू म्हणाले. “गाडी मी चालवतो. कॅन्सल नाही करायचं.”

शनिवारी पहाटे ते इस्त्रीच्या शर्टात दारात हजर होते. हातात संत्रा बर्फीचा डबा. “काका, धिस इज सो क्रिंज,” तन्वी लाजेने कपाळाला हात लावत म्हणाली. “थँक यू,” काका म्हणाले.

पुढचं तन्वीने सांगितलं. प्रवेश अधिकारी बाईंनी बर्फी नम्रपणे नाकारली. काकांनी डबा टूर देणाऱ्या विद्यार्थ्यापुढे धरला. त्याने चार वड्या खाल्ल्या. काकांनी ग्रंथालयाच्या वेळा विचारल्या, बर्फ पडल्यावर रस्ते कोण साफ करतं ते विचारलं, पार्किंगच्या चढाबद्दल मत दिलं. ते सगळं अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते आधी, नाव नोंदवताना घडलं. तन्वीने टॅबलेटवर स्वतःचं नाव भरल्यावर काकांनी तो पुढे ओढला आणि एका बोटाने टाइप केलं: अमित भोयर. इयत्ता बारावी. ईमेल मात्र स्वतःचा.

अमित त्यांचा मुलगा. चाळिशीचा आहे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असतो. वडिलांना महिन्यातून एकदा फोन करतो, तो तब्येतीपुरता.

“काका, अमितदादा इज लाइक, फॉर्टी!”

“हो न,” काका म्हणाले. “त्याची चक्कर राहिली होती.”

येताना गाडीत त्यांनी उरलेलं सांगितलं. अमितला हेच कॉलेज हवं होतं. टूर दोनदा ठरली. पुलाच्या कामासाठी काकांनी दोनदा कॅन्सल केली. मार्क बोलतील, असं त्याला सांगितलं. कॉलेजने त्याला प्रतीक्षा यादीत ठेवलं आणि मग नकार कळवला. तो पश्चिमेला गेला आणि तिकडचाच झाला. चक्कर मारली असती तर प्रवेश मिळाला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या कॉलेजच्या तक्त्यात आज ‘विचारात घेतो’ अशी खूण आहे. तेव्हा काय होती, हे मला माहीत नाही. काकांना मी विचारलं नाही.

मार्चअखेर तन्वीला प्रवेश मिळाला. तिच्या मते अर्जातल्या निबंधामुळे. पेढे घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी बातमी ऐकली, पेढा खाल्ला, “मोजलं त्यांनी,” एवढंच म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर कॉलेजची ऑक्टोबरमधली मेल होती. ‘प्रिय अमित, तू आलास याचा आम्हाला आनंद वाटला.’ काकांनी ती त्याच दिवशी बॉथेलला पाठवली होती. वर स्वतःचं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. खाली, तन्वीने बसवलेल्या सोयीत, तीन नोंदी होत्या. ऑक्टोबरमध्ये एक. दिवाळीच्या दिवशी एक. तिसरी, मी पेढे नेले त्याच सकाळची.

“उत्तर काय आलं?” मी विचारलं.

“उत्तर नाही आलं,” काका म्हणाले. त्यांनी पेढ्याच्या डब्याचं झाकण नीट लावलं. “पण उघडते तो.”