सव्वादोन किलोचा दिवा

देवाने माणसाला हात दिले ते वस्तू उचलायला, असा गैरसमज समाजात अजूनही आढळतो. सुशिक्षित माणसाला हात असतात ते वस्तू उचलणाऱ्या यंत्राचा आराखडा काढायला. देश उभा आहे तो याच फरकावर (चालतो आहे का, हा वेगळ्या समितीचा विषय).

आमचे शेजारी डॉ. अंबरीश निमखेडकर मूळचे अकोल्याचे, बदलीवर चंदीगडला आलेले, सेक्टर एकोणचाळीसच्या एका सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. क्वार्टरमध्ये पत्नी मधुरिमावहिनी, सहा वर्षांची रेवा आणि काचेच्या टाकीत एक लठ्ठ केशरी मासा. त्याचे नाव रेवाने परांठा ठेवले होते. टाकीवर सव्वादोन किलोचा दिवा आडवा ठेवलेला असे. तो उचलल्याशिवाय दाणे टाकता येत नसत, आणि रेवाला तो उचलत नसे.

"पापा, परांठे को खाना मैं खुद दूँगी," रेवा म्हणाली. या मुलांना मराठी सगळे कळते, फक्त उत्तर हिंदीत येते.

"अगं, मी दिवा धरते, तू दाणे टाक," वहिनी म्हणाल्या.

"नहीं! खुद मतलब खुद!"

डॉक्टरांनी मागणीची तात्काळ नोंद घेतली. दिवा मोटरने वर जाईल, रेवा फक्त बटण दाबेल. तोपर्यंत वहिनींनीच दिवा उचलून दाणे टाकावेत, असा तात्पुरता उपाय ठरला. (तो तीन वर्षे चार महिने चालला. सगळ्या योजनेत वेळेवर सुरू झालेली बाब ही एवढीच.)

पहिले वर्ष अभ्यासात गेले. हाताने दिवा उचलायला चार सेकंद, दिवसातून दोनदा. म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस मिनिटे चाळीस सेकंद निव्वळ वाया. प्रस्तावित यंत्र हेच काम पन्नास सेकंदांत, पण शास्त्रशुद्ध रीतीने करणार होते. क्वार्टरच्या छताला भोक पाडायला परवानगी लागते, म्हणून तीन प्रतींत अर्ज गेला. सात महिन्यांनी उत्तर आले: भोक पाडण्यास हरकत नाही, मात्र बदलीच्या वेळी ते सुस्थितीत परत करावे.

मोटर मनीमाजऱ्याच्या भंगारवाल्याकडे मिळाली. गाडीच्या काचा वरखाली करणारी.

"क्या उठाना है, डॉक्टर साहब?"

"लाइट. दो किलो की."

सरदारजींनी त्यांच्याकडे फार मायेने पाहिले. "बाँह में दर्द रहता है जी?"

चाचणीत दिव्याला धोका नको म्हणून वहिनींनी अकोल्याहून आणलेल्या तूरडाळीची पिशवी डॉक्टरांनी टांगली. बटण दाबताच डाळ छतापर्यंत गेली, तिथे फुटली आणि टाकीत उतरली. परांठा दोन दिवस कोपऱ्यात तोंड फिरवून बसला. वहिनी मात्र अजिबात गप्प बसल्या नाहीत. "अहो, माझी डाळ कशाला? तुमची प्रमोशनची फाइल टांगा की! ती तरी वर जाईल!" अहवालात या घटनेचे वर्णन 'अपेक्षेपेक्षा उत्साहवर्धक' असे आहे.

शेवटी एका रविवारी उद्घाटन ठरले. घाई करावीच लागली, कारण हैदराबादच्या बदलीचा हुकूम शुक्रवारीच आला होता. मासा इतक्या लांब नेता येत नव्हता, तो समोरच्या गिल आंटींकडे जाणार होता. रेवाला त्याच्यासोबत नऊ दिवस उरले होते. महाराष्ट्र मंडळातली आम्ही अकरा माणसे जमलो, पोहे झाले. (यंत्राला पहिला मान मिळावा म्हणून परांठ्याला कालपासून उपाशी ठेवले होते.) रेवाने बटण दाबले, आणि वीज गेली.

मग चर्चेला रंग चढला. कर्नल दळवी म्हणाले, हाताने फिरवायचा रहाट हवा होता. मी इन्व्हर्टर सुचवला. इन्व्हर्टर ठेवायला स्टँड, स्टँडला चाके, चाकांना ब्रेक, असे एकेक मंजूर होत गेले. डॉक्टर भराभर लिहून घेत होते. चाळीस मिनिटे झाली.

रेवा तोपर्यंत साडेनऊ वर्षांची झाली होती. ती स्टुलाशिवाय टाकीपाशी गेली. डाव्या हाताने दिवा वर धरला. मोटरच्या तारा नुसत्या सैल पडल्या. उजव्या हाताने तिने दाणे टाकले. परांठा असा तुटून पडला की पाणी बाहेर उडाले.

"हो गया," ती म्हणाली. मग काचेला नाक लावून पुटपुटली, "सॉरी, परांठे." वहिनींनी पदराने डोळे पुसले.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. त्यांचा चेहरा उजळला. "चार सेकंद! म्हणजे आपली आकडेवारी बरोबर होती!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही आता हसत असाल. हसा की, आमची ना नाही. पण वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरऐवजी बॅटरी बरी, असे तुमच्याही मनात येऊन गेलेच ना? मासा कालपासून उपाशी आहे, हे कंसात का होईना, मी तुम्हाला आधीच सांगितले होते. मंडळात एक जागा रिकामी होते आहे. अर्ज तीन प्रतींत करावा.